गर्दीत बोलतो, निवांतपणी मुका

तक्रार उलटी होती, म्हणूनच ती अजून डोक्यातून जात नाही. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ पूजासाहित्याचं दुकान. काउंटरवरचा साउंडबॉक्स सकाळच्या गर्दीत पैसे येताच बोलायचा. दुपारी दुकान रिकामं असलं की पहिल्या गिऱ्हाइकाला गप्प. मग पाच-सात मिनिटांनी एकदम दोन रकमा पुकारायचा, तोवर माणूस निघून गेलेला. कॉल सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम, बंद करून चालू करा.’ गर्दीत चालतं आणि निवांतपणी अडतं, असलं कसलं नेटवर्क, हे कोणी विचारलंच नाही.

पुरावा दुकानदाराच्या स्टेटमेंटमध्ये होता. एकाच यूपीआय आयडीवरून तेवढ्याच रकमेचे दोन व्यवहार, मध्ये दोन-तीन मिनिटं. बॉक्स बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाला पुन्हा पैसे भरायला लावलेले. बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचे संदर्भ क्रमांक, वेगवेगळे, दोन्ही व्यवहार यशस्वी. म्हणजे पैसे वेळेवर येत होते, अडत होता तो पुकारा.

बॉक्स वागळे इस्टेटला आमच्या टेबलावर आणला तर ठणठणीत. पण टेबलावर आमचं सिम होतं. दुकानातलं, दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात घातलं आणि एकेक रुपया वाढत्या अंतराने पाठवला. १, २, ३ मिनिटांपर्यंत ठीक, ५ मिनिटांच्या शांततेनंतरचा अडकला. दोष सिमसोबत फिरत होता.

बॉक्स सर्व्हरशी एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने जोडलेला असतो. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार झाला, म्हणून अगदी कमी डेटात चालतो. पुकारा नसेल तेव्हा ‘मी आहे’ हे कळवायला बॉक्स ठरावीक वेळाने २ बाइटचा पिंग पाठवतो. दोन पिंगमधलं हे अंतर म्हणजे कीप-अलाइव्ह. इथे तो ६०० सेकंदांवर ठेवला होता. मोबाइल कंपनीचा नॅट (अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यावरून इंटरनेटला जोडणारी, कोणती जोडणी कोणाची याचा तक्ता ठेवणारी यंत्रणा) मात्र चार-पाच मिनिटं हालचाल नसलेली जोडणी तक्त्यातून पुसून टाकायचा. आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे नॅटने अशी (टीसीपी) जोडणी किमान २ तास ४ मिनिटं ठेवायला हवी, पण ते पाळतो कोण? पुसल्याची खबर ना बॉक्सला, ना सर्व्हरला. सर्व्हर कीप-अलाइव्हच्या दीडपट, म्हणजे १५ मिनिटं, बॉक्स जिवंत धरतो. हिरवा दिवा चालूच. पुढच्या पिंगला जोडणी मेल्याचं उघड होतं, बॉक्स नव्याने जोडला जातो आणि सर्व्हर तुंबलेले पुकारे एकदम सोडतो. गर्दीत हे होत नाही, कारण पुकारेच जोडणी जागी ठेवतात.

जुन्या टेलिफोनवाल्यांना हे पटायचं नाही. १८९१ मध्ये पेटंट मिळालेल्या स्ट्रोजरच्या (हा गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करायचा) पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत लाइन जोडणाऱ्या सिलेक्टरचा वायपर, म्हणजे फिरता हात, संपर्कावर टेकलेला असायचा. सी-डॉट या सरकारी संस्थेच्या डिजिटल एक्स्चेंजमध्येही कॉल संपेपर्यंत टाइमस्लॉट (लाइनवरचा राखीव वाटा) तुमचाच, बोला नाहीतर गप्प बसा. शांतता म्हणजे लाइन तुटली, असं तिथे कोणी धरत नव्हतं.

कीप-अलाइव्ह १२० सेकंदांवर आणला. दिवसाला ७२० पिंग. प्रत्येक पिंगभोवतीचं पत्त्याचं आणि सुरक्षेचं वेष्टण (टीसीपी-आयपी आणि टीएलएसचे हेडर), उलट उत्तर धरूनही दीडशे केबीच्या आत, म्हणजे महिन्याला चार-पाच एमबी. बॉक्स बनवणाऱ्यांनी हरकत काढली: बॅटरी कमी टिकेल. अहो, तो दिवसभर चार्जरलाच असतो! ६०० हा आकडा खोक्यावर बॅटरीचे तास वाढवून छापायला ठेवला होता, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी मागणी होती प्रत्येक पुकाऱ्यावर वेळेचा शिक्का असावा आणि ६० सेकंदांहून जुना पुकारा ‘उशिरा आलेला’ म्हणून वाजावा. त्यावर ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.’

दुप्पट भरलेल्यांचा हिशोब तसाच आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकांचे पैसे दुकानदाराने परत केले. बाकीच्यांचे मर्चंट अ‍ॅपमध्ये व्यवहार शोधून परत करता येतात, कोणी मागायला येण्याची गरज नाही. जोड्या मी स्टेटमेंटवर खुणा करून दिल्या आहेत. तासाभराचं काम आहे, पण दुकानदाराला तो तास अजून सापडलेला नाही.