मिरजेच्या सतारमेकरांचा माग काढताना

मिरजेला तंबोरा घ्यायला पिढ्यान् पिढ्या माणसं येतात. तो इथे पहिल्यांदा कुणी घडवला असं विचारलं की एकच नाव पुढे येतं, फरीदसाहेब. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचं. 1818 मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या, हत्यारांचं काम आटलं. पुढे 1850 च्या सुमारास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेब स्वतःच तंबोरे आणि सतारी घडवू लागले, असं मिरजेत सांगतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे छापून आली. मी गाणं शिकते, घरी मिरजेचाच तंबोरा आहे. हे घराणं कागदावर कुठे भेटतं ते पाहायचं ठरवून मी साताऱ्याहून निघाले.

साताऱ्याहून कोयना किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरज जंक्शनला सोडते. एसटीने यायचं तर कराडवरून सांगलीला उतरा, तिथून मिरजेला शहर बस सतत असतात. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरून या आणि सकाळीच रेकॉर्ड विभागात पोचा. दुपारनंतर जुनं दप्तर काढून द्यायला कुणाला सवड नसते.

निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सांगली जिल्हा त्या काळी नव्हताच. 1949 मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तासगाव, वाळवा, खानापूर इंग्रजी सातारा जिल्ह्यात होते, पण मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं. त्यामुळे साताऱ्याच्या 1885 च्या गॅझेटियरात मिरजेचा कारभार धुंडाळत बसू नका. खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या गावात जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक उपयोगी पडतं. संस्थानच्या शहरात तोच कागद त्याच नावाने मिळेल असं धरून चालू नका. इथे आधी महापालिकेच्या मिरज कार्यालयातली जन्म-मृत्यू नोंद, मग सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, मग शाळेचं जनरल रजिस्टर, असं मागे मागे जाणं सोयीचं.

शाळेच्या रजिस्टरपाशी मी सर्वांत जास्त थांबले. एका जुन्या पानावर दोन भाऊ सापडले. बापाचं नाव एकच, पण थोरल्याच्या पुढे शिकलगार आणि धाकट्याच्या पुढे सतारमेकर. धंद्याच्या रकान्यात दोघांकडेही वाद्यकाम. घरातलं हत्यार कधीच बाजूला पडलं होतं, आडनाव मात्र मुलाला शाळेत घालायला कोण गेलं आणि मास्तरांनी काय लिहून घेतलं त्यावर ठरत होतं. त्यामुळे शोधताना दोन्ही आडनावं घ्या, आणि अर्जातही दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर अर्धं घराणं तुमच्या हातून निसटेल.

कचेरीत मिळणार नाही असा कागद या घरांतच असतो, तो म्हणजे जात पडताळणीची फाइल. शिकलगार राज्याच्या यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये येतात आणि त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. मुलांच्या प्रवेशासाठी घरच्यांनी पणजोबांपर्यंतची वंशावळ मांडलेली असते, शाळेचे दाखले आणि मिळकतीचे उतारे गोळा केलेले असतात. संशोधकाला याहून तयार माल कुठे मिळायचा? पण ती कागदपत्रं त्यांच्या मुलांच्या भवितव्याची आहेत. पहिल्या भेटीत फाइल मागू नका, फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नका.

सतारमेकर गल्लीत आधी नुसतं बसा. मी बसले तेव्हा एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवत होते. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तार जिथे टेकते तिथे त्याला अगदी नाजूक उतार असतो. ते कानशीचा एक हलका हात फिरवत, तार छेडत, डोकं खाली घालून ऐकत आणि पुन्हा कानस उचलत. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि आवाज एकदम खुलला. धार लावणाऱ्या घराण्याने वाद्य का उचललं असेल हे मला तिथे कळलं. कडा बोटाने ओळखायची, किती घासायचं आणि कुठे थांबायचं, हे हाताला आधीच ठाऊक होतं.

मग बोलणं निघालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दांडीला तुणीचं लाकूड लागतं. मी आजोबा-पणजोबांचं विचारलं तर ते म्हणाले, "ताई, नावं मागची थोडी विसरलो असू, पण खुंट्या कुणी बसवल्यात ते बघून सांगतो." म्हणून तुमच्या घरी जुना तंबोरा असेल तर त्याचे फोटो घेऊन या. खुंट्या, घोडी, मणी, भोपळ्यावरचं पानाचं नक्षीकाम आणि आत चिठ्ठी चिकटवलेली असेल तर तीही. त्यावर सुरू झालेल्या गप्पांत मला जितकी नाती समजली तितकी कचेरीत समजली नाहीत.

ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन याच. 1937 मध्ये वारलेल्या, किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे, आणि या कारागिरांचा त्या घराण्याशी जिव्हाळा तिथे बसल्यावर समजतो. उरुसाच्या दिवसांत आलात तर गाणं ऐकायला मिळेल, पण कारागिरांना बोलायला वेळ मिळणार नाही. कबरस्तानात तारखा शोधायच्या तर आशा बेताची ठेवा, पुष्कळ जुन्या कबरींवर नावच नाही.

संस्थानी कागद मोडी लिपीत आहे, त्यामुळे वाचणारा सोबत हवा किंवा पानांचे नीट फोटो काढून नंतर वाचून घ्यायचे. तारखांचा हिशोब आधीच वहीत लिहून ठेवा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात 590 आणि मराठेशाहीतल्या सुहूर सनात साधारण 599. म्हणजे 1850 शोधायचं असेल तर शके 1772, फसली 1260 आणि सुहूर 1251, तिन्हींवर नजर ठेवायची. पटवर्धनी संस्थानांचा इंग्रजांशी व्यवहार कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटामार्फत चाले, म्हणून पुढचा मुक्काम कोल्हापूर पुरालेखागार. मिरजेहून रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे. ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिलेला अर्ज सोबत न्या. मिरज संस्थानच्या थोरली आणि धाकटी अशा दोन शाखा होत्या, म्हणून नुसतं "मिरज" लिहू नका, "मिरज थोरली पाती" असं लिहा.