दहात नाही, पण नारळात आहे

समोरच्या काकूंकडे मलिदा, म्हणजे त्यांचा प्रार्थनेचा आणि प्रसादाचा कार्यक्रम, असला की मला सकाळी आठलाच फोन येतो. "ये गं लवकर, पाच नारळ खवायचेत. खवणी नको आणू, आहे आमच्याकडे, फक्त हात घेऊन ये."

काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आम्ही ठाण्याचे आणि ठाण्यात ही मंडळी बरीच, 1879 चं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, आहे इथे. तरी पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा ज्यूंकडचा कार्यक्रम म्हणजे काहीतरी भलतंच बघायला मिळणार म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून गेले आणि समोर काय, तर परातभर पोहे! धुतलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं रचलेली आणि एक गुलाबाचं फूल. पोहे जाड की पातळ यावरून काकू आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई यांचं तेव्हाही वाजलं होतं, अजून वाजतं.

मलिदा नवसाचा असतो, नाहीतर लग्नाआधी, नवं घर घेतलं, कोणी परदेशी निघालं, असं काहीही. सगळं एलियाहू हनाबीच्या नावानं, म्हणजे प्रेषित एलिया. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर उमटलीय अशी यांची श्रद्धा. नवगावच्या किनाऱ्यावर यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, मग तेलघाणे चालवायला लागली, शनिवार यांचा विश्रांतीचा वार, घाणा बंद, म्हणून लोक म्हणायला लागले शनवार तेली, हे सगळं काका प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवतात आणि काकू आतून ओरडतात, "झालं का नवगाव? मग केळी धुवा." आडनावंही पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी, त्यामुळे आमच्या आईची पहिल्याच दिवशी सोय झाली, तिला कुठलंही नातं गावापासूनच जोडता येतं.

खरी धावपळ मात्र पोह्यांची नसतीच, माणसांची असते. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. मलिद्याचं तेवढ्यावर अडत नाही म्हणे, पण काकांना दहा पाहिजेतच. सकाळपासून ते फोन घेऊन खिडकीत. "सात झाले. अरे तू निघालास का? मुलुंडला काय करतोयस अजून? पोराला पण आण, त्याला तेरा झाली ना?" एकेकाळी म्हणे माणसं जिन्यात उभी राहायची. 1948 नंतर निम्म्याहून जास्त नातेवाईक इस्रायलला गेले, आता ते फोनच्या स्क्रीनवर असतात, लोदहून कोणी, अश्दोदहून कोणी, पण स्क्रीनवरचा माणूस दहात धरत नाहीत. मीही अर्थात नाहीच. मला नारळात धरतात.

मुलुंडवाला आला की मग शांत होतं सगळं. आधी हिब्रू, मधेच काका मराठीत सांगतात आता हे कशाबद्दल, झाडाच्या फळाची बरकत, म्हणजे आभाराची प्रार्थना, वेगळी, जमिनीतल्या पिकाची वेगळी, फुलाच्या वासाची पण वेगळी (मला ही सगळ्यात आवडते, नुसतं हुंगायचं आणि देवाचे आभार). मग एलियाहू हनाबीचं गाणं. चाल मला आता पाठ झालीय, शब्द नाहीत, मी आपली ओठ हलवते आणि जाऊबाईंना ते दिसतं. काळ्या मनुकांचं सरबत फिरतं आणि सगळे एकदम बोलायला लागतात, लोदवाल्या आत्यासुद्धा, "माझ्या वाटचा फ्रीजमध्ये ठेव गं!"

निघताना माझ्या हातात डबा. आता आमच्याकडे रिकामा डबा परत करायची पद्धत नाही आणि काकूंच्या भांड्यात माझं शिजवलेलं चालत नाही, यांच्या धर्माच्या नियमानं दूध वेगळं, मटण वेगळं, भांडी वेगळी. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन तीन दिवस विचार करत बसले होते. शेवटी आतून हात न लावता वरच डझनभर वेलची केळी ठेवून नेली.

"बरं झालं," काकू म्हणाल्या, "परवा जाऊबाईंकडे मलिदा आहे. तू आठला येशील ना?"