अलास्काची बोट, बाबांचा हिशेब आणि रुपया चिकटवलेली पाकिटं

सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग करताना अगदी शेवटी एक प्रश्न येतो: ग्रॅच्युइटी, म्हणजे बोटीवरच्या कामगारांची टीप, आत्ताच भरता, की बोटीवर रोजच्या रोज खात्याला लावू? रक्कम माणशी आणि दिवसाला असते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर साध्या केबिनसाठी साधारण १६ ते २० डॉलर, सुइट घेतला तर आणखी. मुलंही यात पूर्ण माणूस म्हणूनच धरतात. काही कंपन्या अगदी तान्ह्यांना सोडतात, एवढीच सवलत.

आई-बाबा उन्हाळ्यासाठी सांगलीहून आमच्याकडे आले होते. ते दोघं, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहाजण, बोट सात रात्रींची. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. माझ्या मागे उभे राहून त्यांनी तोंडीच गुणाकार केला. १८ डॉलर धरले तर ७५६ झाले. मग त्याचे रुपये केले.

"पासष्ट हजार रुपये टीप? आणि तीही बोटीत पाय ठेवायच्या आधी?"

वर त्यांनी कायदाही काढला. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना सांगितलं की बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बाबांनी ती बातमी बारकाईने वाचलेली. "तुमच्याकडे कोर्टं नाहीत का?" असं त्यांनी मला विचारलं. मी पैसे भरून टाकले. बहुतेक कंपन्यांत आधी भरले की पुढे दर वाढला तरी आपल्याला जुनाच लागतो, हे एक कारण. आणि बोटीवर रोज खात्याला लागणारी ती रक्कम बाबा रोज बघत बसले असते, हे दुसरं.

बंदरावर पोहोचल्यावर पहिली गाठ पडते ती हमालांशी. हे बोटीचे नोकर नव्हेत, बंदराचे. त्यांचा पगार चांगला असतो, त्यांची युनियन असते, आणि तरी बॅगेमागे एक-दोन डॉलर हातावर ठेवायची रीत आहे. बाबांनी मिरज जंक्शनवरच्या सवयीने आधी "किती घेणार?" विचारलं. तो गडी हसला आणि म्हणाला, जे द्याल ते. आपल्याकडे या उत्तराचा अर्थ फार धोक्याचा असतो, त्यामुळे बाबांनी दोन बॅगा स्वतःच धरून ठेवल्या. बाकीच्या चार बॅगांचे आठ डॉलर मी दिले. संध्याकाळी त्या चारही केबिनच्या दाराशी आल्या, आणि तोवर बाबा आपल्या दोन बॅगा घेऊन जेवणाच्या हॉलपासून वरच्या डेकपर्यंत सगळीकडे फिरून आले होते.

धक्क्यावरून बोटीचा मागचा भाग दिसत होता. त्यावर नावाखाली मोठ्या अक्षरांत 'नासाऊ' लिहिलेलं. बोट सिएटलची, प्रवासी बहुतेक अमेरिकन, मग हे नासाऊ कुठलं, असं धाकट्याने विचारलं. नासाऊ ही बहामाची राजधानी. या बोटींची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत असते आणि बोटीवर त्या झेंड्याचा कायदा चालतो. अमेरिकेचं किमान वेतन आतल्या कामगारांना लागू नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, २००६ मध्ये झालेला आणि २०१३ पासून लागू. पण तो २४ तासांत किमान दहा तास विश्रांती द्या असं सांगतो. म्हणजे उरलेले चौदा तास कामाचे असू शकतात. मूळ पगार बेताचा ठेवायचा आणि वरचा भाग प्रवाशांच्या ग्रॅच्युइटीतून भरून काढायचा, असा हा सगळा मामला. ती रक्कम एकत्र गोळा होते आणि केबिनवाल्यांत, वाढप्यांत, शिवाय आपल्याला कधी न दिसणाऱ्या मुदपाकखान्यातल्या आणि लाँड्रीतल्या लोकांत वाटली जाते.

माझं स्पष्ट मत सांगते. हे पैसे तिकिटातच धरायला हवेत. जाहिरातीत भाडं स्वस्त दिसावं म्हणून ते बाहेर ठेवलेत, दुसरं काही नाही. ब्रिटनमधल्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ते भाड्यातच घेतले आणि कंपनी काही बुडाली नाही. पण कंपनीवरचा राग चादरी बदलणाऱ्या पोराच्या खिशातून काढायचा, हे मला पटत नाही.

केबिनचा आमचा अटेंडंट गोव्याचा निघाला, सासष्टीचा. दार उघडल्यावर आईची साडी बघून तो आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी कोकणीवर आला. बाबांची पहिली नेमणूक मुंबईत धोबीतलावच्या शाखेत होती. तिथे जेर महालात गोवेकरांच्या कुडी आहेत. एका बोटीवरून उतरलेले खलाशी दुसरी बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे, आपल्या गावाची कूड, आपल्या गावाचा देव. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोव्याची माणसं असायची ती याच वाटेने जायची. बाबांनी हे काढल्यावर तो पोरगा पुसायचं फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. "अंकल, म्हजो शापाय थंय रावतालो." त्याचा आजा तिथलाच. नऊ महिन्यांचा त्याचा करार होता. घरी लहान मुलगी आहे, ती व्हिडिओ कॉलवर बोटीचं जेवण दाखव म्हणते, असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून बाबा सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः घडी करून ठेवायला लागले. त्याने मला हळूच सांगितलं की ताई, यामुळे माझं काम वाढतंय, धुवायची कुठली ते कळत नाही.

जेवणाच्या टेबलावर बालीचा वाढपी होता. शाकाहारी भारतीय जेवण हवं असेल तर हेड वेटरला आदल्या रात्री सांगायचं, मग दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, रोटी वेगळी करून आणतात. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. आमच्या प्रवासात आषाढी एकादशी आली. आईने पहिल्यांदा काही खाणारच नाही म्हणून सांगितलं. मग मी त्याला समजावलं, धान्य नको, कांदा-लसूण नको, बटाटा चालेल, दही चालेल. उकडलेला बटाटा लोण्यावर परतून, वर मिरपूड आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घालून तो घेऊन आला, सोबत दही आणि खरबुजाच्या फोडी. त्यांच्याकडे न्येपीला, म्हणजे नववर्षाच्या मौनाच्या दिवशी, सगळं बेट बंद असतं, घरात दिवा लावत नाहीत, विमानतळसुद्धा दिवसभर बंद ठेवतात, असं तो सांगत होता. आईला तो विमानतळाचा भाग फार आवडला. "पंढरपूरला एवढं नाही बाई," म्हणाली.

बारची गोष्ट मात्र जपून करायची. मुलांनी मॉकटेल मागवलं, ९ डॉलरचं. पावतीवर १८ टक्के आधीच लावलेले, म्हणजे १० डॉलर ६२ सेंट. त्याच्याखाली पुन्हा एक रिकामी ओळ, 'अधिक टीप' म्हणून. ती भरली नाही तर कोणी वाईट मानत नाही. सवयीने तिथे पुन्हा २० टक्के लिहिणारी माणसं बघितली, आणि ती सगळी अमेरिकेत बरीच वर्षं काढलेली होती. स्पा आणि जास्तीच्या पैशांची रेस्टॉरंटं यांचंही असंच आहे: आधी पावती वाचायची, मग पेन उचलायचं.

बोटीबाहेरचं सगळं वेगळं. ज्यूनोला आम्ही व्हेल बघायला छोट्या नावेने गेलो. शेपटी वर आली की नावेवरची तरुण मुलगी घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगत ओरडायची, "दहा वाजता!" आणि आई घड्याळ बघायची. उतरताना दाराशी बादली ठेवलेली असते. माणशी पाच ते दहा डॉलर टाकायची पद्धत, आणि ते थेट त्या मुलीला आणि नाव चालवणाऱ्याला मिळतात. स्कॅगवेची आगगाडी १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी बांधलेली. तिच्या खिडकीतून खाली बघवत नाही, पण डब्यातला गाइड एवढं छान बोलत होता की बाबांनी स्वतःहून पाच डॉलर काढले. या सगळ्यासाठी एक-एक आणि पाच-पाचच्या नोटा घरूनच न्याव्यात. नाणी देऊ नयेत. परक्या देशाची नाणी खलाशाला कुठेच बदलून मिळत नाहीत.

शेवटच्या दोन रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढे रांग लागते. त्यात हरवलेली कार्डं, बिलातल्या शंका आणि ग्रॅच्युइटी काढून टाका म्हणणारे लोक असतात. बऱ्याच कंपन्या अर्ज केला की काढूनही देतात. आईची साडी बघून आपल्याकडच्या एका ग्रुपमधले गृहस्थ बाबांना म्हणाले, "आमच्या ग्रुपवर मेसेज आलाय, सगळे काढतायत. तुम्ही नाही काढली?"

"आमची भरून झाली," बाबा म्हणाले. आणि लिफ्टमध्ये मला, "गृहस्थाला वाटतंय कंपनीला जाणारे पैसे वाचवले."

वरची बक्षिशी मात्र पूर्ण आपल्या मनावर. ती देणं सक्तीचं नाही, आणि न दिल्याने कोणी तोंड वाकडं करत नाही. द्यायची तर शेवटच्या संध्याकाळी, हातात द्यावी. उतरायच्या सकाळी त्यांना पुढचे प्रवासी यायच्या आत सगळ्या केबिन तयार करायच्या असतात, तेव्हा त्यांना गाठून थांबवू नये. केबिनवाल्याला आणि वाढप्याला वीस ते पन्नास डॉलर असा सर्वसाधारण अंदाज. आईने सांगलीहून अहेराची पाकिटं आणली होती, गणपतीचं चित्र असलेली, तोंडाशी एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. कुठे कोणाच्या मुंजीला लागली तर म्हणून. त्यांतच चाळीस-चाळीस डॉलर भरले. शून्यावर संपणारी रक्कम आई कोणाला देत नाही, त्यामुळे नाण्याचं तिला फार समाधान वाटलं. गोव्याच्या पोराने पाकीट बघताच ओळखलं आणि "देव बरें करूं" म्हणून कपाळाला लावलं. बालीच्या वाढप्याने नाणं सोलून काढलं, प्रकाशात धरून बघितलं आणि पाकिटावरच्या गणपतीसकट खिशात वेगळं ठेवलं. नाणी देऊ नयेत म्हणून मी आईला बजावलं होतं, पण ते तिने ऐकलं नाही.

परतीच्या वाटेवर बोट संध्याकाळी उशिरा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबते. संसदेच्या इमारतीवर हजारो दिवे लागतात ते बघून परत यायचं, एवढाच वेळ मिळतो. हा थांबा कोणाच्या हौसेसाठी नाही. १८८६ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परक्या झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून निघून, फक्त अमेरिकेतलीच बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एक परदेशी बंदर लागतं. म्हणजे जो झेंडा मजुरी कमी ठेवायला उपयोगी पडतो, त्याची किंमत म्हणून हा फेरा. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी परत येईपर्यंत मला सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्याचे कामगार कायदे वाचायला लावले. अमेरिकेत टीप मिळणाऱ्यांना मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतं, हा केंद्राचा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. पण वॉशिंग्टन राज्यात ती सूट नाही, तिथे टीप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

सिएटलला उतरल्यावर हमालाने ढकलगाडी आणली, या वेळी सहाही बॅगा तिच्यावर गेल्या आणि बारा डॉलर बाबांनीच दिले. मग कॉफी प्यायला थांबलो. काउंटरवरच्या मुलाने पडदा फिरवून बाबांपुढे केला: १८, २०, २५. बाबांनी चष्मा लावला, खालचं 'टीप नाही' शोधून शांतपणे दाबलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याला राज्य सरकार देतंय."