पावसाळ्यातली लिबर्टी

ऑगस्ट, दुपारची उघडीप.

मरीन लाइन्स स्टेशनवरून बॉम्बे हॉस्पिटलकडे चालत निघालं की थोड्याच वेळात लिबर्टी थिएटर. रस्त्यावर हॉस्पिटलची वर्दळ, आणि त्या गर्दीत ही १९४९ सालची वास्तू. 'अंदाज' चित्रपटानं पडदा उघडला. नाव नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्यावरून. दक्षिण मुंबईच्या दिमाखदार थिएटरांत तेव्हा इंग्रजी चित्रपटांचं राज्य होतं. हबीब हुसेन यांनी हे हिंदी सिनेमासाठी बांधलं. आराखडा रिडली अ‍ॅबट यांचा. ते विमान अपघातात गेले, काम जॉन फर्नांडिस यांनी पुरं केलं. आतली सजावट वामन नामजोशींची, ज्यांनी पुढे जयपूरचं राजमंदिर थिएटर केलं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, हे खटकतं.

पडद्याच्या कडेनं प्लास्टरचं 'गोठलेलं कारंजं' आहे. अशा कामाची सगळी गंमत आडोशाला लपवलेल्या दिव्यांत असते: उजेड कडेनं सरकतो म्हणून सावली पडते आणि उठाव दिसतो. तिथे पांढऱ्याफटक एलईडी पट्ट्या लावल्या की नक्षी निर्जीव वाटते. २७०० केल्विनचा पिवळसर उजेडच हवा.

प्लास्टरचा वैरी पाऊस. तोही समोरून येत नाही. गच्चीतून, तुंबलेल्या पन्हाळीतून मागच्या बाजूनं झिरपतो. जिप्सम ओल पितं आणि पिठूळ होतं. वरून ऑइलपेंट फासला असेल तर ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही, फोड येतात, पोपडे निघतात. म्हणून आधी गच्ची, मग पन्हाळ, आणि भिंत पूर्ण वाळल्यावर रंग. क्रम उलटा केला की पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा.

लाकूड त्याहून नाजूक. लिबर्टीत बर्माचं सागवान आणि कॅनडाचं सीडर आहे. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात कधीच करू नये: स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. थिएटर बंद ठेवून एसी पूर्ण थांबवणं म्हणजे वाळवी-बुरशीला आमंत्रण. खेळ नसला तरी हवा खेळती हवी.

सुमारे १२०० खुर्च्यांचं हे घर. 'हम आपके हैं कौन' इथे १०० आठवड्यांहून जास्त चालला. एवढ्या मोठ्या पोकळीतला दमटपणा आठवड्यातून एकदा पंखे लावून जात नाही.

चार वाजले, पुन्हा भरून आलं. आता गच्चीवर जाऊन पन्हाळीची जाळी बघायची हीच वेळ. पाला अडकला असेल तर पाणी आत्ता साचताना दिसेल.