मिश्रण ७ चं भूत, आणि काळ्याचं विरजण

मंडळी, मिश्रण ७ म्हणजे मी घरी बनवलेली चेहऱ्याला लावायची मिनरल पावडर. मागच्या नोंदीत तिची मी जी टिमकी वाजवली होती, ती सगळी मागे घेते.

शनिवारी मामेबहिणीचा साखरपुडा झाला. सकाळी तिला खिडकीपाशी बसवून मेकअप केला, मोबाइलवर दोन फोटो काढले. आई म्हणाली, "काही लावलंय असं वाटतच नाही." मिनरल पावडरवाल्याला याहून मोठी पावती कोणती! दिवसभर मी हवेत. रात्री फोटोग्राफर मित्राने फोटो पाठवले आणि पाय जमिनीला लागले. फ्लॅशच्या एकूण एक फोटोत पोरीच्या कपाळावर आणि डोळ्यांखाली ज्वारीचं पीठ उडाल्यासारखं दिसतंय. मान गव्हाळ, कान गव्हाळ, मधला चेहरा तेवढा राखाडी. ती बिचारी काही बोलली नाही. मामी बोलली. "एवढी पावडर कशाला थापलीस गं?" थापलीस! मोजून तीन पातळ थर होते, तेही कबुकी ब्रशने (आखूड, दाट केसांचा पावडरचा ब्रश) दाबून दाबून.

फ्लॅशबॅक, म्हणजे फ्लॅशच्या फोटोत पावडर पांढरी उठून दिसणं, हे इथे कुणाला नवं नाही. पण आजवर मी तो इतरांच्या फोटोंत पाहून हसत होते. आता माझ्याच डबीतून निघालाय.

आधी मिश्रण ७ मध्ये काय होतं ते पुन्हा लिहिते, पुढे लागणार आहे. शंभर भागांत टायटॅनियम डायऑक्साइड १८, झिंक ऑक्साइड ८, सेरिसाइट (बारीक अभ्रक) ५०, केओलिन (पांढरी माती) ५, मॅग्नेशियम मिरिस्टेट (पावडर त्वचेला चिकटावी म्हणून) ५, पिवळं आयर्न ऑक्साइड १०, लाल ३, काळं १. (नव्यांसाठी: माझ्या बरण्यांवर टायटॅनियमला सफेदा, पिवळ्याला पिवडी, लालला काव आणि काळ्याला काजळी अशी नावं आहेत. आपल्या नाटकवाल्यांच्या रंगपेटीत सफेदा आणि पिवडी कायम असायची, आम्ही फार काही वेगळं करतोय असं नाही. फक्त माल कॉस्मेटिक ग्रेडचाच. भिंतीची काव तोंडाला लावायची नाही.)

रविवारी तपासाला बसले आणि पहिला अर्धा दिवस स्वतःच्या मूर्खपणात घालवला. हातावर पट्टे ओढले, फ्लॅश मारला, वीस फोटो काढले. एकात पट्टा पांढरा, दुसऱ्यात तोच पट्टा गुलाबी. सगळं काही ऑटोवर होतं! कॅमेरा दरवेळी आपल्या मनाने उजेड आणि रंग सावरून घेत होता आणि मी त्यावरून पावडरचा न्याय करत होते. मित्राने फोनवर यथेच्छ हसून घेतलं आणि मग सांगितलं: कॅमेरा मॅन्युअलवर टाक, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं छिद्र) ८, शटर १/१२५, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५५०० केल्विनवर ठोकून ठेव आणि प्रत्येक फोटोत ग्रे कार्ड, म्हणजे रंग ताडून पाहायचा राखाडी पुठ्ठा, धर. ग्रे कार्ड नसेल तर शेड जुळवण्याच्या फोटोंना काही अर्थ नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकते. माझ्या आधीच्या सहा नोंदींतले शेडचे फोटो त्यामुळे बाद समजा.

दुपारी पुन्हा बैठक. या वेळी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला चार पट्टे, मध्ये बोटभर मोकळी त्वचा. एक, त्या दिवशी खाली लावलेलं झिंकवालं सनस्क्रीन. दोन, शेवटी डोळ्यांखाली फिरवलेली सिलिकाची फिनिशिंग पावडर. तीन, मिश्रण ७. चार, नुसतं सेरिसाइट. आधी खिडकीच्या उजेडात फोटो, मग छताकडे वळवलेला फ्लॅश, मग सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा), आणि शेवटी कॅमेऱ्यावरचा सरळ तोंडावर मारलेला फ्लॅश.

पहिल्या तीन उजेडांत सगळे पट्टे शहाण्या मुलांसारखे. सरळ फ्लॅश मारला की सगळे बिथरले. त्याचं कारण सोपं आहे. उजेड जिथून निघतो त्याच्याच शेजारी भिंग बसलेलं असतं, त्यामुळे पावडरचे कण जो उजेड आल्या वाटेने परत फेकतात तो थेट फोटोत उतरतो. सॉफ्टबॉक्स बाजूला असला तर तोच उजेड विखरून इकडेतिकडे जातो. "मग सॉफ्टबॉक्स लावा ना" असं कुणी म्हणेल. स्टुडिओत लावूच. मांडवात शंभर पाहुणे मोबाइलचा फ्लॅश मारतात, त्यांना काय सांगणार? आणि छताकडे फ्लॅश वळवायचा तर वर मांडवाचं पिवळं कापड. हळदीच्या आधीच नवरी पिवळी.

बरं, सगळेच पट्टे पांढरे, मग चोर कोण? इथे दोन युक्त्या कामी आल्या आणि त्यांच्यावर मी भलतीच खूश आहे.

पहिली युक्ती तेलाची. प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या भागावर स्क्वालेन या तेलाचा एकेक थेंब दाबला आणि पुन्हा सरळ फ्लॅश. सिलिकाचा पट्टा गायब! नुसता फिका पडला असं नाही, दिसेनासाच झाला. सिलिकाचा अपवर्तनांक (पदार्थ उजेडाला किती वाकवतो तो आकडा) साधारण १.४६, तेलाचाही जवळपास तेवढाच. कोरडी असताना कणांच्या मधे हवा असते म्हणून ती पांढरी दिसते. तेलाने हवेची जागा घेतली की उजेडाला कण आणि तेल यांतला फरकच कळत नाही. ओल्या कागदातून पलीकडचं दिसतं ना, तसंच. टायटॅनियमचा अपवर्तनांक मात्र २.५ च्या वर. त्याला तेलात बुडवा नाहीतर तुपात, तो पांढरा तो पांढराच. मिश्रण ७ चा पट्टा तेलाने थोडा गडद झाला, पण त्याची राखाडी साय तशीच राहिली. सनस्क्रीनचा पट्टा आधीच क्रीममध्ये, त्याच्यात फरक जवळजवळ नाही. त्याचा दोष होता, पण किरकोळ.

दुसरी युक्ती मित्राची. फ्लॅशवर पोलरायझर फिल्मचा (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारी फिल्म) तुकडा चिकटवायचा, भिंगावर पोलरायझर फिल्टर लावायचा आणि नाकाच्या शेंड्यावरचा चकाकणारा ठिपका विझेपर्यंत फिल्टर फिरवायचा. यात उजेड बराच खाल्ला जातो, आयएसओ १०० वरून ८०० वर न्यावा लागला. पण फायदा असा की आरशासारखी परत येणारी चमक बाद होते आणि कणांत आपटून आपटून विखुरलेला उजेड तेवढा उरतो. अशा फोटोत सेरिसाइटच्या पट्ट्यावरचे ठिपके साफ विझले. म्हणजे ती चकाकी अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांची होती. मिश्रण ७ ची राखाडी साय इथेही हलली नाही.

आता शनिवारचे फोटो पुन्हा उघडले आणि सगळं लख्ख दिसलं. डोळ्यांखालचं पांढरं सिलिकाचं. गालाच्या हाडावरची चमचम अभ्रकाची. कपाळावरची राख टायटॅनियमची. चोर एक नव्हताच, टोळी होती.

सिलिकाचा निकाल लगेच लागला: ती पावडर फोटोच्या कामातून हद्दपार. "एचडी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण साध्या उजेडात अदृश्य असणं आणि फ्लॅशमध्ये अदृश्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभ्रकाबद्दल मात्र मला दुकानदाराचा राग आलाय. मी मागवलं होतं बारीक मॅट सेरिसाइट. पाकिटावर नुसतं "मायका". दोन बोटांत चोळून उन्हात धरलं तर मासळीच्या खवल्यासारखं चमकतंय. फोन केला तर म्हणे, "मॅडम, सगळं एकच असतं." एकच असतं तर भाव दुप्पट कशाचा घेतला? आता नियम केलाय: नवं पाकीट आलं की आधी मनगटावर एक पट्टा आणि सरळ फ्लॅश, मगच बरणीत. ज्या बाजारी पावडरी मलईसारख्या चमकतात त्यांच्या घटकांतही एकदा डोकावा. बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, नाहीतर ७७१६३ हा आकडा दिसला तर फोटोसाठी जपून. मला तर त्याने घाम आला की खाजही सुटते.

राहिलं टायटॅनियम. हे १८ भाग मी घातलेच का होते? जुनी वही काढली. मिश्रण ५ मध्ये ते ९ होतं. जूनमध्ये पाऊस लागला, दमट हवेत पावडर तीन तासांत अर्धी शेड गडद पडायला लागली आणि मी ती उजळवण्यासाठी सफेदा ओतत गेले. आधी १२, मग १५, मग १८. सगळ्या पापाचं मूळ ते.

इथे एक जुनं दुखणं बोलून घेते. पावडर गडद पडली की सगळे म्हणतात "ऑक्सिडाइझ झाली". अहो, आयर्न ऑक्साइड म्हणजे आधीच गंजलेलं लोखंड, ते आणखी किती गंजणार? चेहऱ्यावरचं तेल कणांमध्ये भरतं आणि रंग ओला दिसतो, बस. अंगणातली माती पाणी मारल्यावर गडद दिसते, तसंच. म्हणजे उपाय पांढरं वाढवण्यात नव्हताच. काळं कमी करायचं आणि तेलाचा बंदोबस्त करायचा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर टायटॅनियम वाढवलं की चेहरा उजळत नाही, राखाडतो. हे मला पाठ होतं, तरी केलं.

तर मिश्रण ८. टायटॅनियम ६, झिंक १२, नवं (खरंखुरं!) सेरिसाइट ५२, केओलिन ८, मिरिस्टेट ६, पिवळं ११, लाल ४, आणि काळं १. काळं कमी करायचं ठरवून पुन्हा १ कसं, असं विचाराल. तिथेच तर गाडी अडली. माझी घाणी, म्हणजे एका वेळी केलेला माल, दहा ग्रॅमची. त्यात काळं एक भाग म्हणजे ०.१ ग्रॅम. माझा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, म्हणजे शेवटच्या आकड्याची चूक झाली तरी काळ्यात दहा टक्के फरक. अर्धा भाग घालायचा तर देवाचंच नाव. मंगळवारी अर्ध्या भागाच्या तीन घाण्या केल्या आणि तिन्हींचे रंग वेगळे. एक तर चक्क चहाच्या गाळासारखी.

बुधवारी रात्री दुधाला विरजण लावताना डोक्यात ट्यूब पेटली. काळं सुटं घालायचंच नाही! एक ग्रॅम काळं, नऊ ग्रॅम सेरिसाइट, खलात वीस मिनिटं घोटून "काळ्याचं विरजण" करून ठेवलं. आता अर्धा भाग काळं हवं तर विरजण अर्धा ग्रॅम मोजायचं. काट्याला ते आरामात जमतं. आणि आधीच घोटलेलं असल्यामुळे काळ्या रेघाही येत नाहीत. तुमच्यापैकी कुणी हे आधीपासून करत असाल तर मला का नाही सांगितलंत?

त्यावरून घोटण्याचंही. मिक्सरच्या चटणीच्या भांड्याने मी कंटाळले आहे. अर्धा माल झाकणाला चिकटतो, झाकण उघडलं की धुरळा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून चिनी मातीचा खल आणलाय. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण रंग उघडतो. अंगठ्याने पांढऱ्या कागदावर ओढून पाहायचं, लाल रेघ दिसली तर आणखी घोटायचं. मग मलमलीतून वस्त्रगाळ. हे सगळं मास्क लावून आणि पंखा बंद करून. इतका बारीक धुरळा फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही, यावर वाद नको.

काळं अर्ध्यावर आणून वाचलेला अर्धा भाग पिवळ्यात टाकला, ते झालं मिश्रण ९. काल रात्री मामेबहीण आली (तिला बटाटेवड्यांची लाच द्यावी लागली). उजव्या अर्ध्या चेहऱ्यावर ७, डाव्यावर ९. खाली सनस्क्रीनऐवजी साधं मॉइश्चरायझर, दहा मिनिटं थांबून टिपकागदाने टिपलं, मग फ्लॅट टॉप ब्रशने दाबून तीन थर. घासायचं नाही. शेवटी गुलाबपाण्याचा फवारा लांबून. सरळ फ्लॅश, एफ ८.

उजवीकडे भूत. डावीकडे माणूस! नाकाच्या बरोबर मधोमध सीमारेषा. तिने तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि मामीला पाठवला. मामीचं उत्तर: "डावी बाजू छान, पण वांगाचा डाग दिसतोय." मामी म्हणतात ते खोटं नाही. टायटॅनियम कमी केलं की झाकण्याची ताकदही जाते.

तो डाग आधी क्रीम कन्सीलरने झाकायचा आणि वर पावडर, असं ठरवून ही नोंद इथे संपवणार होते. पण लिहिता लिहिता वाटतंय, टायटॅनियम सगळ्या चेहऱ्यावर हवंच कशाला? ९ चाच रंग ठेवून टायटॅनियम १५ ची एक छोटी डबी करावी आणि बारीक ब्रशने डागापुरतीच दाबावी. फ्लॅशमध्ये तेवढा ठिपका राखाडी दिसेल का? त्या डबीत पिवळं-लाल थोडं जास्त घातलं तर निभावेल असा अंदाज आहे. पिवळ्या-लालचंही विरजण लावायला घेतलंय. बोरॉन नायट्राइड (मऊ, गुळगुळीत पांढरी पावडर) घालायचा बेत होता तो पुढे ढकलला, त्याचा भाव ऐकून छातीत धस्स झालं.

तीन तासांनंतरचा फोटो अजून बाकी आहे. वडे खाऊन मामेबहीण घरी पळाली, त्यामुळे तेल सुटल्यावर ९ किती गडद पडतं ते कळलंच नाही. येत्या रविवारी आईला बसवणार आहे. तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत पावडर बसते की नाही तेही दिसेल. आणि खलाला लागलेली काव साबणाने निघत नाहीये. नवऱ्याने आज सकाळी त्यात लसूण ठेचायला घेतला होता, वेळेवर ओरडले म्हणून वाचला. डाग काढायचा उपाय कुणाला माहीत असेल तर सांगा.