ड्रममधलं पाणी गुलाबी झालं तेव्हा

ठिबकातून खतं-औषधं कशी सोडायची याचं ट्रेनिंग मी बरीच वर्षं देतोय. आधी वर्ग, मग लेखी पेपर, मग प्रॅक्टिकल, त्यात पास झालं तरच सर्टिफिकेट. प्रॅक्टिकलला खरं औषध नसतं, टाकीत खायचा गुलाबी रंग कालवायचा आणि विहीर म्हणून खाली एक पांढरा ड्रम.

त्या दिवशी विषय होता की डोस चालू असताना लाईट गेली तर काय. मोटर थांबली की पाईपातलं पाणी उलटं खाली ओढलं जातं आणि त्याच्यासोबत औषध थेट विहिरीत, म्हणून तिथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्याच्या मोटरकडच्या अंगाला हवा आत घेणारा एअर व्हॉल्व्ह आणि पाईपाच्या पोटाला ड्रेन, म्हणजे व्हॉल्व्ह गळलाच तर पाणी विहिरीऐवजी बाहेर लांब पडावं. टाकीतलं औषध पाईपात ढकलणारा डोसिंग पंपसुद्धा मोटरशी असा जोडायचा की मोटर बंद तर तोही बंद. व्हेंच्युरीवाल्यांना, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीनेच औषध खेचणारी अरुंद नळी वापरणाऱ्यांना, वाटतं आपल्याला पंपच नाही तर ही कटकट कशाला, पण सायफन लागला की टाकी आपोआप रिकामी होते. हे सगळं मला तोंडपाठ.

पेपरात काठावर पास झालेले एक काका मागून म्हणाले, "सर, हा व्हॉल्व्ह आतून कधी बघितला शेवटचा?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, काका, आज सकाळीच तपासलाय. तपासलाय म्हणजे काय, तर बाणाची दिशा बघितली, बाहेरून हात फिरवला, झालं!

स्टार्टर पाडला. डोसिंग पंप लगेच थांबला, एअर व्हॉल्व्ह फुस्स झाला, मी खूश. तेवढ्यात काका वाकून म्हणाले, "सर, ड्रम बघा."

पाईपाच्या टोकातून गुलाबी धागा ड्रममध्ये उतरत होता, आधी बारीक, मग जाड, आणि मी टाकीची तोटी बंद करेपर्यंत अख्खं पाणी गुलाबी. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाटलं.

नॉन रिटर्न व्हॉल्व्हचं तपासणीचं झाकण खोललं तर आतल्या फ्लॅपच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या झडपेच्या, कडेला हरभऱ्याएवढा खडा अडकलेला, रबर तिथेच दबून चिरलेलं. बरं मग ड्रेनने काम करायला हवं होतं ना, तर त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, अगदी गच्च. तार घालून ते काढलं, रबर बदललं, पुन्हा तीन वेळा मोटर पाडून बघितली आणि मगच परीक्षा पुढे सुरू केली, संध्याकाळ झाली त्यात.

निघताना सकाळचं तपासणीचं शीट हातात आलं. 'नॉन रिटर्न, ड्रेन ओके', खाली माझीच सही. ते खोडलं, वेळ टाकून खरं काय ते लिहिलं, पुन्हा सही केली. काका शेजारी उभं राहून वाचत होते.