ताई, आमच्या पिल्लूचा फोटो का नाही टाकलात?

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की हा प्रश्न येतो आणि आषाढीच्या दिंडीनंतर तर रोजच येतो. "ताई, पलीकडच्या नर्सरीनं पन्नास फोटो टाकलेत. तुमच्याकडे नुसते पाय आणि पताका. आमच्या पिल्लूचा फोटो का नाही टाकलात?" प्रशिक्षणाला येणाऱ्या नव्या ताया जरा वेगळं विचारतात, "तुम्ही सोशल मीडिया वापरता की त्याच्या विरोधात आहात?"

वापरते, रोज वापरते. नाशिकला सातपूर भागात माझी बालवाडी आहे. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं फोन माझ्या कामाच्या सामानात आहे, ठोकळे आणि मातीच्या गोळ्याशेजारी. पण मुलाचा चेहरा मी कुठेही टाकत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते. दोन वाक्यांत उरकलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, ताईंचा काहीतरी नियम आहे. आणि नियम म्हटला की "एवढा एक टाका ना" हे आलंच.

आधी मीही टाकत होते. एका वर्षी दिंडीला साडेतीन वर्षांच्या एका मुलाला विठोबा केला होता. पिवळं पीतांबर, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. मुकुट मीच रात्री बसून केलेला. सोनेरी कागद डाव्या टोकाला कमी पडला, म्हणून तिथं चॉकलेटच्या वेष्टणाचा तुकडा चिकटवला होता. पालख्या, झेंडे, टाळ, आयांची गर्दी, पाऊस नाही आणि डोक्यावर ऊन. त्याला आम्ही पाटावर उभं केलं आणि मी बजावलं, "कमरेवरचे हात काढायचे नाहीत हं." दहा-पंधरा मिनिटांत तो रडायला लागला. सगळ्यांना फार गोड वाटलं. रडणारा विठोबा! मी फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे लावले. संध्याकाळपर्यंत चार जणींच्या स्टेटसला तो होता. स्टेटस काय, चोवीस तासांत जातं, असं आपण म्हणतो.

चार-पाच महिन्यांनी बालवाडी शिक्षिकांच्या एका ग्रुपवर मानधनाचा विषय निघाला होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ताईनं एक स्टिकर टाकला. रडणारा छोटा विठोबा आणि खाली अक्षरं, "पगार कधी?" ग्रुपभर हशा झाला. मला मुकुटाचं डावं टोक दिसलं.

त्या ताईला मी वेगळा मेसेज केला. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, तिला तो कुठूनतरी आला होता. तिनं लगेच काढून टाकला. पण तो किती फोनमध्ये जाऊन बसलाय, हे ती कशी सांगणार आणि मी तरी कशी? मी त्या मुलाच्या घरी गेले, आईला सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या ताई, गोडच दिसतोय की." चहा केला तिनं. घरी आल्यावर मी मूळ फोटो उघडला आणि पहिल्यांदा नीट बघितला. तोंड वेडंवाकडं झालेलं, नाक गळतंय, मुकुटाची कडा कपाळात रुतून लाल वळ उठलाय. आणि हात कमरेवरच. रडतानाही त्यानं ते काढले नव्हते, कारण मी सांगितलं होतं.

मुकुट टोचतोय हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते आणि त्याच्याकडे फोनमधून बघत होते. लहान मुलांच्या ताईचं पहिलं काम बघणं. मूल कशानं रडतंय, कुणाच्या हातातली वस्तू निसटणार आहे, कोण आज डबा न खाता नुसतं चिवडतंय. मी कार्यक्रम दाखवण्याच्या नादात माझंच काम सोडलं होतं. ही गोष्ट स्टिकरपेक्षा जास्त लागली.

मग लोक संमतीचं विचारतात. पालकांनी सही दिली असेल तर काय हरकत आहे? कायद्यानं तेवढं तर हवंच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. आमच्या प्रवेश फॉर्मवरही खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, 'छायाचित्रांच्या वापरास हरकत नाही'. ती ओळ होती तितक्या वर्षांत तिच्यावर कुणी काट मारल्याचं मला आठवत नाही. पण सही करणारी बाई कोण असते? जिची दोन महिन्यांची फी राहिलीय, जिला दुसरी बालवाडी परवडत नाही, जी मला "ताई" म्हणताना मान खाली घालते. ती मला नाही कशी म्हणेल? ती ओळ मी काढून टाकली.

आणखी एक प्रसंग आहे, तो तपशील न देता सांगते. प्रवेशाच्या वेळी एक आई सगळे जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "माझ्या मुलीचा फोटो कुठं जाऊ देऊ नका. ती कुठल्या शाळेत आहे ते काही जणांना कळायला नको." मी हो म्हटलं आणि मग विचार करत बसले. सगळ्यांचे फोटो काढायचे आणि हिला तेवढं बाजूला बसवायचं? आठवड्याभरात सगळ्या आया विचारायला लागतील, हिचाच का नाही? म्हणजे जे झाकायचं तेच उघड होणार. एकीला जपायचं तर सगळ्यांचेच फोटो थांबवायला हवेत, हे मला तेव्हा कळलं. चेहरा झाकूनही पुष्कळ काही उरतं, बरं का. गणवेशाच्या खिशावर नाव, मागे फ्लेक्स, दारावरची पाटी, रोज ठरावीक वेळेला टाकलेली पोस्ट.

हे ऐकून नव्या ताया फोन ठेवूनच देतात. तसं करू नका.

आमच्या भागात इमारतींची कामं सतत चालू असतात. एकदा बांधकामावरचा चार वर्षांचा एक मुलगा आला. विजापूरकडचा, फक्त कन्नड बोलणारा. तीन दिवस तो दाराशी चपलांच्या ढिगाशेजारी बसून होता. खिचडी नको, खेळणं नको. आमच्यापैकी कुणालाही कन्नडचा गंध नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शिक्षिकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'चार वर्षांचा मुलगा, कन्नड बोलतो, आत येत नाही, त्याच्याशी काय बोलू?' नाव नाही, फोटो नाही. तासाभरात सांगलीच्या जत तालुक्यातल्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. तिकडे घराघरात कन्नड बोलतात. तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं होतं. "बा इल्ली", म्हणजे इकडे ये. "नीरु बेका?", पाणी हवंय का? आणि शेवटी, "अव्वा बर्ताळ", आई येईल.

दुसऱ्या दिवशी मी ते पाठ करून गेले. माझे उच्चार त्याला काही केल्या कळेनात. शेवटी त्याच्याशेजारी चपलांजवळ बसले आणि फोनवर तो मेसेज लावला. "अव्वा बर्ताळ." त्यानं मान वर केली. फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला, मला पुन्हा लाव म्हणून खूण केली. सहा-सात वेळा ऐकलं. मग फोन तसाच कानाशी धरून उठला आणि आत येऊन चटईवर बसला.

हा माझा सोशल मीडिया. त्या जतच्या ताईला मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही.

आपल्या कामात हे नवीनही नाही. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी मराठीतून शिक्षणपत्रिका चालवली, ती दूरदूरच्या शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचावी म्हणूनच. १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या, शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मला या दोघींची फार आठवण झाली. अंगणातही जाता येत नव्हतं. फोन होता, पण तो बाबांकडे, आणि ते घरी येणार रात्री. म्हणून मी रोज रात्री आठला दोन मिनिटांचा आवाज पाठवायचे. व्हिडिओ नाही, त्यानं डेटा संपतो. 'घरातले तीन डबे घ्या, लहान-मोठे असे लावा, कुठलं झाकण कुठे बसतं बघा.' एक गाणं. बस. कित्येक बाबा मुलांबरोबर पहिल्यांदा खाली बसले ते त्या डब्यांच्या निमित्तानं.

अंगणवाडीतल्या मैत्रिणींचं दुखणं वेगळं आहे, तेही इथं सांगायला हवं. त्यांच्याकडे फोन आला तो नोंदी भरायला. काम झालं याचा पुरावा म्हणून फोटो, माहिती, पुन्हा फोटो. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते चालेनासे झालेले मोबाइल शासनाला परत केले, तेव्हा नोंदी भरायचं सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, इंग्रजीत होतं हीही त्यांची तक्रार होती. खरंच सांगते, वरून सतत फोटो मागणारी व्यवस्था असेल तर ताईनं मुलाकडे कधी बघायचं? या बाबतीत त्यांना दोष देऊन चालणार नाही.

पालकांना आपल्या मुलाचं काहीच दिसू नये असं मी म्हणत नाही. एखादी मुलगी आठवडाभर मणी ओवायला धडपडते, दोरा ओला करते, पिळते, आणि शेवटी एक मणी जातो. तो क्षण तिच्या आईला दिसायलाच हवा. मी तिच्या हातांचा फोटो काढते आणि आईला, फक्त आईला, पाठवते. सोबत तीन-चार ओळी, आज काय झालं, घरी काय करता येईल. दिंडीच्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर मुकुट काढायच्या आधी पाच मिनिटं आई-आजी आत येतात, आपल्या फोनवर आपल्या मुलाचा फोटो काढतात. ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांना मी काढून देते आणि माझ्या फोनमधला त्यांच्यासमोर पुसते. ग्रुपवर सूचना सोडून काही नाही. कोण चावलं, कोणाची चड्डी ओली झाली, हे तर कधीच नाही, ते दाराशी, हळू आवाजात.

पेजवर जातं ते माझं काम. वाळूच्या डब्यात काय पुरलं होतं, रंग कसा केला, कुठला खेळ फसला आणि का फसला. फसलेल्या खेळांवर सगळ्यात जास्त ताया बोलतात, आणि त्यातूनच मी सगळ्यात जास्त शिकलेय.

गेल्या दिवाळीआधी आम्ही अंगणात किल्ला केला. विटा, पोतं, माती, उतारावर पेरलेली मोहरी आणि अळीव. पाच वर्षांची एक मुलगी बुरुजापाशी मावळे मांडत होती. मी फोन काढला तशी तिनं विचारलं, "हा फोटो तू कुणाला दाखवणार?" मी म्हटलं, "दुसऱ्या बालवाडीतल्या तायांना. त्यांनाही किल्ला करायचाय." तिनं जरा विचार केला. "मग थांब," म्हणाली. पडलेला एक मावळा उभा केला, तटावरची सांडलेली माती हातानं झाडली, उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हां, आता काढ."